साडेसातचं ताट

सावित्रम्मा पुण्याला मुलाकडे राहायला गेल्या आणि अकराव्या दिवशी परत आल्या, त्या रिमोटवरून सुनेशी भांडून, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. सांगणारी बनाबाई. ती समोरच्या जिन्याखाली बसून मेथी निवडते आणि निवडता निवडता बातम्या देते. आवाज नाकातून, आणि महत्त्वाच्या शब्दाआधी एक देठ मोडणार. "सुनेनं रिमोट... कट्... हिसकावला म्हणं. म्हातारीनं तितल्या तितं... कट्... पिशवी भरली." मी हे देठासकट करून दाखवते. आई म्हणते, पाप लागेल.

पण बातमी खोटी आहे. रिमोटवरून भांडायला घरात टीव्ही एकच असावा लागतो. पुण्याला सावित्रम्मांच्या खोलीत त्यांचा स्वतःचा टीव्ही होता, आमच्या कपाटाच्या दाराएवढा. रिमोटही त्यांचाच, उशीपाशी ठेवलेला. आणि सून दानेश्वरी भांडणारी नव्हेच. तिचा फोन येतो तेव्हा मी ऐकलंय: हळू, गोड, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हं आई". मग सावित्रम्मा परत का आल्या? ते कळायला मला एक पैज हरावी लागली.

त्या आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत एकट्या राहतात. इथं सोलापुरात, नवी पेठेत त्यांच्या यजमानांचं साड्यांचं दुकान होतं. यजमान गेले, मग दुकानही गेलं. मुलगा मृत्युंजय पुण्यात नोकरीला. अव्वांचं माहेर-सासर दोन्ही कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच एखादा कानडी शब्द ठक्कन येऊन बसतो. मी त्यांना अव्वा म्हणते.

अव्वांइतकी चिकित्सक प्रेक्षक सोलापुरात दुसरी नसेल. गिऱ्हाईक पदर उलटा करून धागा बघतं तशा त्या मालिका बघतात. नापसंत पडली की एकच शब्द, "साकु!" म्हणजे पुरे. त्यावर अपील नाही.

तीन वर्षं त्यांनी एकच मालिका धरली होती, साडेसातची. गोष्ट विचाराल तर त्यांना धड सांगता यायची नाही. कोण कुणाची जाऊ, यातही घोटाळा. पण त्या घरातली नऊ माणसं, खून होवो की लग्न मोडो, रोज एका ओळीत जेवायला बसायची. ती बसली की इकडे अव्वाही ताट घेऊन बसायच्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. तिकडे घास की इकडे घास. तिकडचा धाकटा दीर रागानं ताटावरून उठला की इकडून हुकूम सुटायचा, "बस खाली! अन्न सोडून उठतोय, लई मोठा झालास?" बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, घर माणसांनी भरलंय.

त्या पुण्याहून परत आल्या आणि थोड्याच दिवसांत ती मालिका संपली. शेवटच्या भागात लग्न होतं आणि नऊच्या नऊ माणसांनी हातात प्लेट घेऊन उभ्यानं बुफे खाल्ला. अव्वांनी आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

आमची त्यांची भिंत एकच. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी भाकरी थापायचा आवाज येईना. नुसता चहाच्या भांड्याचा यायचा, मग बिस्किटाच्या पुड्याचा. महिन्याभरात झंपरच्या बाह्या ढगळ झाल्या. आईनं दोनदा जेवायला बोलावलं. अव्वा म्हणाल्या, "एक दिवस पाव्हणी, दोन दिवस पाव्हणी. तिसऱ्या दिवशी तुमालाच वाटंल, ही रोज येती की काय." आणि आल्या नाहीत.

तेव्हा मी पैज घातली. "अव्वा, पंधरा दिवसांत तुम्हाला दुसरी मालिका शोधून देते. सोमवार ते शनिवार, सहाही भाग तुम्ही पूर्ण बघाल. हरलात तर आमच्या गॅदरिंगला येऊन पहिल्या रांगेत बसून माझ्या नकला बघायच्या."

"आनि तू हरलीस तर?"

"म्हणाल ते करीन."

"म्हणंन ते?" त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "बस मग. लाव."

पहिला आठवडा म्हणजे नुसती कत्तल. सोमवारच्या मालिकेत एक बाई दाराआड उभी राहून ऐकत होती. "किती येळ उभी ऱ्हायली बघ. गॅसवर काय ठिवलं न्हाई व्हय हिनं? साकु." मंगळवारी मोठा बंगला, मोठं टेबल, सोळा पदार्थ, आणि एका टोमण्यावर सगळे उठून गेले. अव्वांना त्या टोमण्याचं काही नाही. "त्या पुऱ्या कोन खानार आता? साकु." बुधवारी सासू-सासरे चहा पीत होते.

"कप रिकामा हाय," अव्वा म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"भरलेला कप असा धरतात व्हय? हिंदकाळत न्हाई, फुंकत न्हाई. घरात च्या नसंल तर सांगावं की सरळ. साकु."

गुरुवारी मी मोठ्या आशेनं एक गावाकडची लावली. नायिका भाकरी थापत होती. अव्वा पुढं सरकल्या, चष्मा पुसला. मी मनात म्हटलं, लागली. "पोरी," त्या म्हणाल्या, "ही थापती का टाळ्या वाजवती?"

शुक्रवार-शनिवारचं सांगत नाही.

दुसऱ्या सोमवारी मात्र एक सापडली. त्यात साधं घर होतं, दोरीवर खरे ओले कपडे, एक आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडं. जेवायला खाली बसले तेव्हा आमटीतून वाफ आली आणि लहान पोरानं ती शर्टवर सांडली. कुणी ओरडलं नाही, संगीत वाजलं नाही. एका सुनेनं नुसता पदरानं शर्ट पुसला.

अव्वांचं "साकु" आलं नाही. मंगळवारी संध्याकाळी मी भिंतीला कान लावला. थप्, थप्, थप्. भाकरी.

बुधवारी त्या ताट घेऊन बसल्या. गुरुवारी त्या पोराला म्हणाल्या, "भात कालवून खा रं, नुसता नको." शुक्रवारी दह्याची वाटी दोनदा भरली. मी पहिल्या रांगेतली खुर्ची मनातल्या मनात राखून ठेवली.

शनिवारी सगळे जेवायला बसले, पण त्यांच्यात आजी नव्हती. धाकटी सून ताट वाढून आजीच्या खोलीत गेली. "आजी, तुम्ही दमलाय. इथंच जेवा निवांत." मागं बासरी. बासरी वाजली की समजायचं, सून फार गुणी आहे.

अव्वांचा घास हातातच राहिला. त्यांनी रिमोट घेतला. "साकु."

"अव्वा! दहा मिनिटं राहिली! आणि चांगलीच सून दाखवलीय की!"

"चांगलीच हाय," अव्वा म्हणाल्या. "आमचीबी चांगलीच हाय."

टीव्ही बंद झाल्यावर त्या दोन खोल्या केवढ्या गप्प होतात, ते मला पहिल्यांदाच कळलं. अव्वांनी ताटावर ताट झाकलं.

"आमच्या दुधनीला ताट खोलीत जायचं ते आजाऱ्याचं, न्हाईतर बाळंतिणीचं," त्या म्हणाल्या. "पुण्याला पयल्याच दिवशी दानेश्वरी म्हनली, आई, तुमची मालिका चुकायला नको हं. आनि ताट खोलीत घिऊन आली. वर झाकन, बाजूला तांब्या, चटनी येगळ्या वाटीत. काय म्हनायचं तिला? रागवायचं कशावरनं? भायेर ती तिघं, नातवासकट, जेवायची. चमचे वाजायचे. हसायची. मला आवाज यायचा, म्हनून मी टीव्ही वाडवायची. तर तिला वाटायचं, आई लई रमल्यात."

"मग सांगायचं ना त्यांना!"

"मला पंगतीत घ्या, असं सासूनं मागायचं व्हय?" त्या म्हणाल्या. "दहा ताटं खाल्ली तशी. मग आले."

 

"तू हरलीस न्हवं?" अव्वा म्हणाल्या. "म्हणंन ते करायचं ठरलंय. फोन लाव दानेश्वरीला. आनि तूच बोल. माझ्या आवाजात."

"मी कुठं तुमचा आवाज—"

"काडतीस की. भिंत तुज्याकडनं हाय तशी माज्याकडनंबी हाय."

मी फोन स्पीकरवर लावला. घसा खाकरला, कारण अव्वा बोलण्याआधी खाकरतात, आणि एका दमात म्हटलं, "दानेश्वरी, मी बोलते. पुण्याला तू ताट खोलीत आनायचीस न्हवं, ते मला नको हुतं. मला भायेर तुमच्यात बसायचं हुतं."

 "काव्या," दानेश्वरी म्हणाली, "आवाज अगदी बरोबर आहे. पण आई असं सरळ कधी बोलणार नाहीत."

अव्वा भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"वहिनी, बोलणं त्यांचंच आहे," मी माझ्या आवाजात म्हटलं. "मी पैज हरलेय म्हणून मला बोलावं लागतंय."

 दानेश्वरीच्या पुढच्या प्रश्नाच्या शेवटी "हं" नव्हतं.

"त्या ऐकतायत?"

"हो."

"आई," ती म्हणाली, "आम्ही आत्ता पानावर बसतोय. फोन ठेवू नका."

खुर्च्या सरकल्या, झाकण निघालं. अव्वा वळल्या, खाली बसल्या, फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि स्वतःच्या ताटावरचं ताट काढलं. पहिले दोन घास झाले. मग अव्वा म्हणाल्या, "मृत्युंजय अजून मचमच करतोय."

"आई!" फोनमधून मृत्युंजयदादा ओरडला आणि दानेश्वरी हसली, खाकरत, डोळे पुसत असावी तशी.

"आमटी पातळ झालीया ग. भुरक्यावरनं कळतंय."

अकरा मिनिटांनी मृत्युंजयदादा म्हणाला, "आई, ठेवू? खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी लावलीय आडवी, बोलावतायत." फोन बंद झाला. पडदा उजळ होता तोवर अव्वा त्याच्याकडे बघत राहिल्या. ताटात अर्धी भाकरी तशीच होती.

"लवकर संपलं," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "उद्या रविवार. रविवारी असती का ही?"

 मी भलतंच बोलले, "पण अव्वा, ही फोनवरची सहा दिवस बघितलीत तर पैज मीच जिंकले की."

"ही मालिका न्हाई," अव्वा म्हणाल्या आणि उरलेली भाकरी दह्यात चुरली. "तू हरलीस."