मिठाचं भांडण

वेस्ट मांबलमच्या त्या फ्लॅटमध्ये सासू-सुनेचं भांडण एकच, आणि ते सुंदरीच्या लग्नापासून नेमानं चाललेलं: मीठ. सुंदरीच्या सांबारात राजसबाईंना ते कमी लागायचं, राजसबाईंच्या सांबारात सुंदरीला जास्त. दोघींना आपल्या जिभेचा भारी तोरा. नारायणस्वामी एकीचा मुलगा नि दुसरीचा नवरा. तो बिचारा दोन्ही वाढून घेई आणि गप्प बसे.

गेल्या युगादीनंतर, म्हणजे पाडव्यानंतर, सुंदरीला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव घेऊन गेला. "परत येईल, कदाचित येणारही नाही," डॉक्टर म्हणाले. फिल्टर कॉफी म्हणजे नुसतं गरम पाणी! सुंदरी बाथरूमचा नळ सोडून रडली.

मग वर्षभर तिला माणसांनी सांभाळलं. इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात ती हिशेब बघते. तिच्या चिंचेच्या भाताचा डबा कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांत फिरतो. एकदा त्यात मीठच नव्हतं. लोकांनी चकार शब्द न काढता डबा चाटूनपुसून परत केला. तिला हे फार उशिरा कळलं. आणि राजसबाई! सुनेच्या सांबाराला कधी बरं न म्हटलेली ही बाई रोज सकाळी ओट्याशी उभी राहू लागली. तळहातावर थेंब घेऊन चाखायची आणि हळूच सांगायची, "चिमूटभर घाल गे." टोमणा नाही, काही नाही. सुंदरीला त्या टोमण्यांचीच आठवण यायची.

पुन्हा युगादी आली. तिची पच्चडी करायचा मान राजसबाईंचा. कैरी, गूळ, कडुनिंबाची फुलं, मीठ. नैवेद्याआधी चाखायची सोय नाही. देवापुढे हात जोडून सुंदरीनं सरत्या वर्षाचे आभार मानले: बसमधल्या माणसांचे, नवऱ्याचे आणि सगळ्यांत जास्त या म्हातारीचे. चव तिनं मागितली नाही. मागून मागून ती थकली होती.

वाट्या आल्या. नारायणस्वामीनं एक घास गिळला आणि जमिनीकडे पाहिलं.

"कशी झाली रे?"

"फार छान, अम्मा."

सुंदरीनं सवयीनं चमचा तोंडात घातला. जिभेच्या मुळाशी काहीतरी चरचरलं. तिनं घाईघाईनं दुसरा घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"अत्ते! गूळ कुठाय? गूळ घालायला विसरलात तुम्ही!"

राजसबाईंची चूक काढायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. त्यांनी आपली वाटी चाखली, तोंड वाकडं केलं. गुळाचा डबा ओट्यावर झाकणासकट तसाच होता. रागानं वळून त्या काही बोलणार, एवढ्यात आपल्याला कोण बोललं ते त्यांच्या ध्यानात आलं.

"तुला कडू लागूलालं गे?" त्यांनी घरच्या दक्षिणी मराठीत विचारलं.

"लागूलालं, अत्ते! जहर कडू!" सुंदरी रडता रडता हसत होती. "आणि मीठही जास्त झालंय!"

"मीठ बरोब्बर आहे!" राजसबाई कडाडल्या, आणि त्यांनी सुनेला घट्ट मिठी मारली.