चष्म्याच्या दुकानातलं टपाल

माझ्या भाचीला आमच्याकडे सगळे टपाल म्हणतात. का, ते सांगते.

माझा दादा आणि वहिनी मिळून चष्म्याचं दुकान चालवतात. पुढे काउंटरवर वहिनी, मागे पार्टिशनच्या आड दादा, काचा घासायच्या मशीनवर. पार्टिशनला हात आत-बाहेर जाईल एवढी खिडकी आहे. समोरच माझं कपडे आल्टर करायचं दुकान, त्यामुळे मला तिथलं सगळं दिसतं आणि निम्मं ऐकूही येतं.

पोरगी लहान होती, नुकती शाळेत जायला लागलेली. दादाने कुणाच्या तरी चष्म्यात डावीकडची काच उजवीकडे बसवली. वहिनी भर गिऱ्हाइकांत म्हणाली, "डोळे फुटलेत का तुमचे?" आता चष्मेवाल्याला असं म्हणायचं म्हणजे काय? दादाने खिडकीला तोंड लावलं आणि काउंटरखाली चित्र रंगवत बसलेल्या पोरीला म्हणाला, "सांग तुझ्या आईला, फुटलेत."

झालं. तिथून जो अबोला धरला तो धरला. मला वाटलं, आठवडाभर फुगतील आणि मुकाट्याने बोलायला लागतील. कसलं काय. दोघं एकाच माळेचे मणी.

"बाबांना सांग, मास्तरांचा नंबर वाढलाय." "आईला सांग, ही फ्रेम तडकलेली आलीय." सगळं पोरीच्या तोंडून. घरी गेल्यावरही तेच, मीठ हवं असलं तरी टपाल. आणि पोरगी हुशार हो. वहिनी म्हणायची, "त्या माणसाला म्हणावं, भूक-बिक लागते की नाही? डबा गार झाला." पोरगी आत जाऊन सांगायची, "बाबा, आई जेवायची थांबलीय." निरोपातलं विष काढून निरोप पोचवायचा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

म्हणून शाळा संपल्यावर ती म्हणाली की मला आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचेत, तेव्हा मी हसले. म्हटलं, "घरातले जोडून झाले वाटतं?"

"आत्या," ती म्हणाली, "दुसरं मला येतंय काय?"

दोन विद्यापीठांत तिचा नंबर लागला. एक इथलंच, बसने जाण्यासारखं. ती जाऊन बघून आली. त्या विषयाचा विभाग म्हणजे कँटीनच्या डोक्यावर तीन खोल्या, खाली तेल तापलं की वर ठसका. निम्मे विषय शिकवायला माणूसच नेमलेला नव्हता. दुसरं समुद्रापलीकडे. फी माफ, राहायची सोय, आणि तिथे म्हणे पोरांना दोन देश करून समोरासमोर बसवतात आणि तडजोड निघाल्याशिवाय उठू देत नाहीत. हे सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की मी पायाखालचं मशीन थांबवायचे.

"मग यात अडलंय कुठे?" मी विचारलं.

"त्या दोघांना विचारायचंय."

विचारलं. वहिनी म्हणाली, "तुझ्या बाबांना विचार." दादा म्हणाला, "तुझ्या आईला विचार." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. पोरगी दिवसभर पार्टिशनच्या अल्याड-पल्याड करायची आणि हाताला काही लागायचं नाही. इकडे तिकडच्या विद्यापीठाला कळवायची मुदत संपत आलेली.

शेवटी वहिनीने एकदा तोंड उघडलं. काउंटरची काच पुसता पुसता म्हणाली, "जा की. आम्ही दुकानाला फळ्या ठोकू आणि बसू दोन भिंतींकडे तोंडं करून." दुसऱ्या दिवशी दादानेही तेच ऐकवलं. "जा की. आम्ही दुकानाला फळ्या ठोकू आणि बसू दोन भिंतींकडे तोंडं करून."

पोरगी माझ्याकडे येऊन कपड्यांच्या ढिगावर बसली. "मी गेले तर ते खरंच तसे बसतील गं. आजारी पडले तरी एकमेकांना सांगायचे नाहीत."

"बसू देत," मी ओरडलेच. "तू काय त्यांचं तोंड म्हणून जन्माला आलीस? जा तू. मी आहे ना समोर."

"तू निरोप नीट नाही पोचवायचीस," ती म्हणाली. "तू दोन शब्द पदरचे घालशील."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तिने तिकडे नकार कळवला. ती फीमाफी एकदाच मिळते, सोडली की सोडली. मी दोन दिवस दादा-वहिनीकडे पाहिलं नाही. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आमच्या घरात तिसऱ्याचाच बळी.

इथलं कॉलेज सुरू झालं. तास व्हायचे त्याहून रद्द व्हायचे जास्त. परवा असाच तास झाला नाही म्हणून ती दुपारीच परत आली आणि बोळाच्या बाजूने, दादाच्या मागच्या दाराने दुकानात शिरली. तिथून निघाली ती थेट माझ्याकडे. पाणी दिलं, प्यायली नाही.

"आत्या, ते बोलत होते."

"कोण?"

"आई-बाबा. बाबा म्हणत होते, अगं, ती गोल फ्रेम पुढे मांड. आई म्हणाली, अहो, तिला कोण विचारतंय. आणि हसली. आजच सुरू केलंय असं बोलणं नव्हतं ते. रोजचं होतं."

मी कात्री खाली ठेवली. आता दोघांना धरून जाब विचारायचा, एवढंच माझ्या मनात. पण ती बोलतच होती, हळू.

"ते फळ्या ठोकण्याचं वाक्य आठवतं? आधी आई म्हणाली, मग बाबा. शब्दाला शब्द. आत्या, तो निरोप मी नेलाच नव्हता."

मला कळायला थोडा वेळ लागला. मी आणि ती पोरगी जायचं की राहायचं म्हणून जिवाचं पाणी करत होतो, तेव्हा त्या दोघांनी इतक्या वर्षांचा अबोला सोडला होता. आणि समोर बसणाऱ्या मलासुद्धा ताकास तूर लागू दिली नाही. कारण ती दोघं बोलतात हे कळलं असतं, तर पोरगी निघून गेली असती.

"मी जाते," मी उठले. "आत्ता जाते."

"नको. त्यांचं कधी नव्हे ते एकमत झालंय." असं म्हणून ती हसली, आणि ते हसणं मला बघवेना.

"अगं, पण तू काही बोलली नाहीस?"

"बोलणार होते. तेवढ्यात खिडकीतून आईला मी दिसले. बाबा माझ्यापासून हातभरावर बसलेले. आई लगेच मला म्हणाली, बाबांना सांग, नव्या काचा आल्यात."

"मग?"

"मग काय," ती म्हणाली. "सांगितलं."