धबधब्याच्या वळणावर उभा माणूस

भीमेचा पूल आला की आप्पा बसचा वेग निम्म्यावर आणायचे, खिडकीतून मान बाहेर काढायचे आणि जाहीर करायचे, "कालच्यापेक्षा दोन बोटं चढलंय."

दौंडहून एमआयडीसीत जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसचे ते ड्रायव्हर. वडगाव रासाईचे, नदीकाठी वाढलेले. मागून कोणीतरी हमखास ओरडायचं, "आप्पा, आमचा पगार कवा चढायचा?" आप्पा आरशात बघत म्हणायचे, "त्या धरणाची चावी सायबाकडं हाय. मी नुस्तं पाणी सांगतो."

पावसाळ्यात रविवारी ते भाड्याची सोळा सीटर काढून आम्हा कामगारांना घाटाकडच्या धबधब्यांना न्यायचे. आमच्या भागात पाणी येतं ते कालव्यातून, नाहीतर मोटारीतून. कड्यावरून आपणहून पडणारं पाणी बघायला आम्ही तीन-तीन तास बसून जायचो. रस्त्याकडेला बारीक धार दिसली की बायका गलका करायच्या, "आप्पा, थांबवा!" ते थांबवायचे, पण तोंड वाकडं करून. "ह्याला धबधबा म्हंत्यात व्हय? आमच्या मोटारीचा पाइप फुटला तरी ह्याच्यापरीस लांब उडतो."

त्यांची मुलगी शिरूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. माझ्याच वयाची. सुट्टी असली की पुढच्या सीटवर बसून यायची आणि बापाला छळायची. "आप्पा, गिअर बदला, गाडीला धाप लागली." आप्पा म्हणायचे, "तुझ्या पेशंटला लावलीस तेवढी धाप पुरे." आणि गिअर बदलायचे.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही असेच एका धबधब्याला गेलो. रस्त्यापासून दहा मिनिटांची पायवाट, मग ओढ्यातून पलीकडे गेलं की कड्याखालचा डोह. पार्किंगचा आणि भजीच्या टपऱ्यांचा ठेका गावानं एकाच माणसाला दिलेला. तो स्वतः वाटेच्या तोंडाशी उभा राहून लोकांना सांगत होता, "जावा बिनधास्त, गुडघाभर पन पाणी न्हाई."

वर कड्यावर आभाळ काळं झालं होतं. त्या दिवशी आप्पांची मुलगीही आली होती. तिनं विचारलं, "आप्पा, वर पाऊस दिसतोय. जाऊ का?"

भीमेवर वर कुठं धरण सोडलं की आधी फोन येतो. मग गावातली माणसं नदीतल्या मोटारी ओढून काठावर आणतात, चहा पितात, गप्पा मारतात, आणि तेव्हा कुठं पाणी येतं. आप्पांचं अख्खं आयुष्य या हिशेबानं चाललेलं. ते म्हणाले, "जा की. वरचं पाणी खाली यायला लय टाइम लागतो."

ओढ्याला तेवढा वेळ लागला नाही. ती पलीकडून परत येत होती, मध्यावर होती. पाणी एकदम तांबडं झालं आणि आलं. मी आणि कंपनीतल्या दोघी अजून काठावर होतो म्हणून वाचलो. ती दुसऱ्या दिवशी सापडली.

त्या संध्याकाळी मी टपरीमागे गेले तेव्हा शेगडीला वारा लागू नये म्हणून एक पत्रा आडवा लावलेला दिसला. त्यावर लिहिलं होतं, "धोका. पाऊस असताना ओढा ओलांडू नये." गिऱ्हाईक बिचकतं म्हणून ठेकेदारानं तो ओढ्याकाठून उपटून आणला होता. मी विचारलं तर म्हणाला, "लोकास्नी अक्कल नसली तर आमी काय करायचं?"

त्या माणसाला मी माफ केलेलं नाही. हे लिहिताना तर मुळीच नाही.

आप्पांनी मुलीचा दहावा केला. नंतर मला म्हणाले, "पोरी, त्याला सोडायचा न्हाई." तेव्हापासून दर रविवारी ते मोटारसायकलवरून तिथं जायचे आणि धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर उभे राहायचे. गाडी आली की हात करायचे. "माझी लेक हितं गेली. तुमी जावा, माझं काय म्हननं न्हाई. पन आदी ऐकून घ्या." निम्म्या गाड्या तिथूनच वळायच्या. ठेकेदाराची माणसं येऊन दम देऊन गेली, एकानं गाडीची हवा सोडली. आप्पांनी गाडी ढकलत नेऊन पंक्चरच्या दुकानात हवा भरली आणि पुन्हा येऊन उभे राहिले. खाली भजी गार व्हायची. मला त्याचा आनंद व्हायचा.

धबधब्याच्या गावच्या ऑक्टोबरमधल्या ग्रामसभेत ठेक्याचा निर्णय होता. कामगार युनियनमुळे आमच्या घरात पत्रकं जेवणाच्या ताटाइतकी नेहमीची. मी दौंडच्या छापखान्यात देण्यासाठी एक जळजळीत पत्रक लिहिलं. आप्पांनी ते बोट ठेवून वाचलं. म्हणाले, "ह्यात माझं न्हाई लिवलं."

"काय?"

"टाइम हाय म्हनालो, ते."

मी म्हणाले, "आप्पा, ते लिहिलं तर तो सुटेल." त्यांनी पत्रकाची घडी घालून ते माझ्या हातात दिलं. मी ते वाक्य न घालताच पत्रक छापलं. आज सांगते, ते अर्धंच खरं होतं आणि ते मला माहीत होतं.

ठेकेदारालाही माहीत होतं. ग्रामसभेत तो पत्रक फडकावत उठला. "बापच म्हनला, टाइम हाय! माझ्या पोरांनी ऐकलंय. इचारा त्याला!" सगळं गाव आप्पांकडे वळलं. मी खाली बघितलं.

सरपंचबाईंनी परवानगी दिली तसे आप्पा उठले. टोपी हातात होती. "व्हय, म्हनालो. मी नदीचा मानूस, मला वड्याचं पाणी कळलं न्हाई. तो पत्रा जागंवर असता तर पोरीनं माझं ऐकलं नसतं, पत्र्याचं ऐकलं असतं. शिकलेली व्हती." मग ते ठेकेदाराकडे वळले. "माझी शिक्षा जुलैपासनं चालू हाय. ह्याची कवा चालू करताय, तेवढं सांगा."

पहिला हात भजी तळणाऱ्या बाईचा वर आला. मग मोजायची गरज राहिली नाही. ठेका गेला.

आता आप्पा बसवर नाहीत. केंदूरला मेव्हण्याच्या गोठ्यावर असतात, बोलतात फार कमी. त्यांची आठवण आली की मी डोळ्यांसमोर आणते ते टपऱ्या उठल्या त्या दिवशीचे आप्पा. परतीचा पाऊस पडून गेला होता. ठेकेदाराचे बांबू, पत्रे, कढया टेम्पोत भरल्या जात होत्या आणि आम्ही दोघं समोरच्या दगडावर बसून बघत होतो. टेम्पो निघाला आणि चिखलात रुतला. दोन माणसं ढकलत होती, चाक जागच्या जागी फिरत होतं. ठेकेदार कपाळापर्यंत चिखलानं माखला होता. आमच्याकडे बघून म्हणाला, "आप्पा, जरा हात लावता का?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांनी पिशवीतून डबा काढला, भाकरी मोडली, अर्धी मला दिली. चाक फिरत राहिलं. आप्पा एकेक घास सावकाश चावत, त्याच्याकडे बघत, जेवले. मुलगी गेल्यापासून त्यांना पोटभर जेवताना मी पहिल्यांदाच बघत होते.