दिसलं ना? पुढे!

"दिसलं ना? पुढे!" म्हणत तो स्टिअरिंगवर तळहात आपटायचा आणि गाडी सुटायची. पाहुण्याचा मोबाईल तेव्हा कुठे खिशातून निघत असायचा. कुवेत टॉवरचे अर्धेच आलेले फोटो आमच्या इमारतीतल्या निम्म्या घरांत सापडतील.

तो आमच्या कंपनीत ड्रायव्हर, मूळचा गुहागरकडचा. मी तिथेच अकाउंट्समध्ये. फिंतासला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. मी बायकोमुलांसह, तो वरच्या मजल्यावर, त्याच्यासारख्याच कुटुंब गावी ठेवून आलेल्या पुरुषांबरोबर. कुणाकडेही पाहुणा आला की शुक्रवारी त्याला कुवेत दाखवायचं काम याचं. पेट्रोलचं विचारलं तर म्हणायचा, "राहू दे हो भाऊ, खोलीत बसून तरी काय करू?"

बसणं त्याला जमतच नसे. आमच्याकडचा चहाही दाराला टेकून, उभ्यानेच. तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल. खुर्ची पुढे केली की तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहणारा.

एकदा त्याचाच पाहुणा आला. गावचा बालमित्र, जवळच एगैला भागात मुलाकडे आठवडाभरासाठी आलेला. "भाऊ, तुम्ही पाहिजेच," म्हणून मलाही त्याने गाडीत बसवलं.

टॉवर, मुबारकियाचा बाजार, जहऱ्याचा किल्ला, तिथून उलट रुमैथिया. रुमैथियात नुसती घरं. पाहुण्याला तिथे काय दाखवायचं? "असू दे, हेही बघू दे." दुपारपर्यंत दीडशेच्या वर किलोमीटर झाले, माझं काट्याकडे लक्ष होतं. पाय जमिनीला दोनदा लागले, त्यातलं एकदा पेट्रोल पंपावर.

मित्र शांत होता. सिग्नलला गाडी थांबली की तो सुरुवात करायचा, "अरे, वहिनी म्हणत होती..."

"ती बिल्डिंग बघितलीस?"

पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्यालाही. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. परक्या माणसासमोर मित्र घरचं काही बोलणार नाही, म्हणून मी पाहिजे होतो.

शेवटी त्याने गाडी खाडीवरच्या पुलावर घातली. "आता बघ, छत्तीस किलोमीटर!" दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. दाखवायला काही नाही, मध्येच थांबायचीही सोय नाही. मित्र याचीच वाट पाहत असावा.

"दिसलं," तो म्हणाला. "आता ऐक, मेल्या. पोरीचं लग्न झालं, घर बांधून झालं. वहिनी विचारते, कायमचं येणार की नाही? नाही म्हणालास तरी चालेल, पण सांग. मला तिला उत्तर न्यायचंय."

गाडीचा वेग वाढला. कॅमेरे आहेत, याची मी आठवण करून दिली. वेग कमी झाला.

"रजेवर जातो तेव्हा मी पाहुणा असतो," तो समोर बघत म्हणाला. "वडे, कोंबडी, सगळे भेटायला येतात. रजा संपली की निघतो. त्याच्या पुढं मी घरात कधी राहिलोच नाही रे. तिथं काय करायचं असतं, मला माहीत नाही. तिला माझा कंटाळा आला तर?"

मित्र हसला नाही. "ती काय म्हणाली सांगू? म्हणाली, त्यांना माझ्याजवळ बसवेल का?"

पूल संपला. पलीकडच्या वाळूत त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच. कुणी उतरलं नाही. मग तो म्हणाला, "येतो म्हणून सांग." आणि "पुढे" न म्हणताच गाडी वळवली.

नोटिशीचे महिने भरून तो गेला. आता इमारतीतले पाहुणे माझ्याकडे येतात. मी प्रत्येक ठिकाणी त्यांना उतरवतो, नीट फोटो काढू देतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर कुवेत फारच लहान वाटतं.

मागच्या महिन्यात त्याचा व्हिडिओ आला. फोन डॅशबोर्डवर ठेवलेला, काचेतून लाल मातीचा उतार आणि खाली समुद्र.

"भाऊ, हा आमचा किनारा. दिसलं ना? पु..."

"अहो, थांबवा की," शेजारून बाईचा आवाज आला. "मला उतरायचंय."

स्टिअरिंगवर तळहात आपटल्याचा आवाज आला नाही. इंजिन बंद झालं. एक दार वाजलं, मग दुसरं. फोन बंद करायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. पुढची सात मिनिटं व्हिडिओत नुसता समुद्र आहे. मी तो शेवटपर्यंत पाहिला.