सिद्धूचे हात दिसणारा फोन

शेंगाचटणीच्या डब्याला टेकून उभा असायचा तो निळा फोन जागेवर नव्हता. तिथं काळा फोन होता. महेश्वरीनं पिठाच्या हातानंच तो उचलला, बटण दाबलं, आणि त्यात स्वतःचाच नंबर चालू आहे हे बघून तिच्या डोक्यात जाळ झाला. म्हणजे तिचं सिमकार्डसुद्धा काढून यात घालून ठेवलं होतं. केवढी ती काळजी!

"राजू!" तिनं हाक मारली. "अहो!"

घरात कुणी नव्हतं. बापलेक दोघंही गाडी काढून गेले होते आणि कुठं गेले असतील ते आता तिला नीट कळत होतं.

सकाळी दिवाणावर बैठक बसली तेव्हाच संशय यायला हवा होता. रविवार, त्यामुळं मल्लिनाथांचं भवानी पेठेतलं टॉवेल-चादरींचं दुकान बंद. त्यांना नवा फोन घ्यायचा होता, आणि जुना दिला की किंमत कमी होणार होती. म्हणून राजशेखरनं, म्हणजे राजूनं, घरातले दोन जुने फोन शेजारी शेजारी मांडले. काळा मल्लिनाथांचा. निळा महेश्वरीचा. दोन्ही मुळात स्वस्तातलेच आणि दोन्हीही आता म्हातारे.

"पप्पा, काळ्याचा डिस्प्ले तुम्ही बाहेरून बदलून घेतलाय. एक्सचेंजमध्ये त्याचं काहीच येत नाही. निळ्याचा ओरिजिनल आहे, त्याचे चांगले येतात."

"पर काळा मोठा हाय की."

"मोठा आहे, स्टोरेज डबल आहे, बॅटरी पण जास्त. आणि स्पीकर तर बघाच." राजूनं गाणं लावलं तशी भिंतीवरची दिनदर्शिका थरथरली.

"आरं व्वा! मग निळा देऊन टाकू. काळा तुज्या मम्मीला. तिचा फायदाच हाय की ह्यात!"

महेश्वरी आत भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि सोडून दिलं. मिक्सर घेतानासुद्धा या घरात दोन महिने अशाच बैठका झाल्या होत्या. आज मात्र भाकऱ्या होईपर्यंतही कुणाला दम निघाला नाही. तिला हाक मारून एका शब्दानं विचारायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. तोवर झालेल्या टोपलीतल्या भाकऱ्या मात्र जाताना दोघांनी मोजून खाल्ल्या होत्या.

या घरात नवा फोन मल्लिनाथांना येई, पुढं राजू मोठा झाल्यावर राजूला येई. त्यांचा वापरून झाला की तो महेश्वरीकडं येई. कोपरा फुटलेला, कुणाचे तरी जुने फोटो तसेच राहिलेला. बी. ए. झालेली, बँकेची, दुकानाची, गॅसची सगळी कामं करणारी बाई, पण स्वतःसाठी विकत घेतलेला फोन तिच्या हातात कधी आला नव्हता. त्याचंही तिला एवढं वाईट वाटलं नव्हतं. राजूचा निळा तिच्याकडं आला आणि पहिल्याच दिवशी तिला कळलं, की यात सिद्धूचे हात दिसतात.

सिद्धू म्हणजे सिद्धेश्वरी, तिची धाकटी बहीण, जन्मापासून बहिरी. अक्कलकोटच्या पुढं, कानडी मुलखाच्या हद्दीजवळच्या गावात त्यांचं माहेर. घरात कानडी, शाळेत मराठी; सिद्धूला दोन्हीही आली नाहीत. बहिऱ्या मुलांची शाळा लांब होती आणि मुलगी लांब पाठवायची नाही असं ठरलं होतं. मग आई पार्वतम्मा आणि थोरली महेश्वरी यांनी सिद्धूच्या जोडीनं एक बोलणं तयार केलं, नुसत्या हातांचं. नाकातल्या चमकीला बोट लावलं की महेश्वरी. मिशीला पीळ दिला की भाऊ बसलिंगप्पा. दोन्ही हातांनी अंबाडा बांधला की अव्वा, म्हणजे आई. महेश्वरीचं लग्न ठरलं तेव्हा नवरदेव चहाच्या पाठोपाठ घरातली चादर चिमटीत धरून तिचा पोत बघत बसला होता. तेव्हापासून अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं की मल्लिनाथ.

अव्वा गेली. हे बोलणं पुरतं कळणारी आता जगात एकटी महेश्वरी उरली. बसलिंगप्पा, त्याची बायको, पोरं, सगळी चांगली माणसं होती; सिद्धूला जेव म्हणायचं, झोप म्हणायचं, गाईकडं जा म्हणायचं एवढं त्यांना जमे. सिद्धूला काही सांगायचं असलं तर मात्र दुपारी घर रिकामं झालं की ती भावाच्या पोराचा फोन खिडकीत उभा करी आणि बहिणीला लावी. निळ्या फोनचा पडदा लहान होता, पण चित्र अडकत नसे. एकेक बोट स्वच्छ दिसे. हातांनी बोलणाऱ्याला याहून जास्त काय लागतं?

काळ्या फोनबद्दल महेश्वरीला माहीत होतं. पाच मिनिटं व्हिडिओ कॉल केला की तो तापे, आणि चित्र थांबून थांबून पुढं सरके. मल्लिनाथांना त्याचं काही नव्हतं. ते व्हिडिओवरसुद्धा फोन कानाला लावत.

ती तशीच उभी होती तेवढ्यात हातातला काळा फोन वाजला. अख्खं स्वयंपाकघर दणाणलं. सिद्धूच होती; भावाच्या पोराचा फोन दोन दिवसांनी आज तिच्या हाती लागला होता.

महेश्वरीनं फोन डब्याला टेकवला. सिद्धूचा चेहरा आला, हात उचललेला दिसला, आणि चित्र थांबलं. मग एकदम हात गालाजवळ. पुन्हा थांबलं. मग हाताच्या जागी नुसता धूर. मधलं सगळं गेलं. महेश्वरीनं खूण केली, 'पुन्हा सांग.' तिकडंही ते पोहोचलं नसावं. सिद्धूनं पुन्हा सांगितलं, मग जोरात सांगितलं, मग खिडकीच्या कठड्यावर हात आपटलेला दिसला. शेवटी रडवेला, रागावलेला एक चेहरा तिथंच गोठून राहिला आणि फोन कटला. अक्का समोर बसून मुद्दाम उत्तर देत नाही, असंच तिला वाटलं असणार.

महेश्वरीनं भावाला लावला.

"एनू इल्ल अक्का, काय झालेलं न्हाय," बसलिंगप्पा शेतातून ओरडून बोलत होता. "रुसलीय ती. परवापास्नं जेवत न्हाय. पोट बिघडलं आसंल म्हणून चूर्ण बी दिलं."

"रुसलीय? कशावर रुसलीय?"

"आता ते कसं कळणार, अक्का?"

कसं कळणार! महेश्वरीनं पदरानं हात पुसले, काळा फोन मुठीत घेतला, कुलूप लावलं आणि रिक्षा थांबवली. "नवी पेठ. लवकर."

रिक्षात ती स्वतःशीच बोलत होती. मोठा आहे म्हणे. डबल आहे म्हणे. अरे, तुमच्या डबलला घेऊन काय चाटायचंय? दोन फोन तासभर उलटेपालटे करून बघितले, काच बघितली, बॅटरी बघितली, गाणी वाजवली, पण ज्या बाईच्या हातात तो द्यायचा तिच्याकडं मान वळवून बघितलं नाही. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा तिच्याकडं बघितलं.

रामहरीच्या मोबाईलच्या दुकानात ऑफरची गर्दी होती. मल्लिनाथ खुर्चीवर चहा पीत बसलेले. काउंटरवर नव्या फोनचं खोकं, आणि त्याच्या शेजारी निळा, कव्हर काढलेला, उघडा.

"अगं? तू हितं कशी?"

"फोन द्या माझा."

"वहिनी, या की, बसा," रामहरी म्हणाला. "झालंच आपलं. आता फक्त आतलं सगळं पुसायचं, की लगेच..."

"हात लावाल त्याला तर बघा!"

मल्लिनाथांनी चहाचा कप खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "चारचौघांत काय हे, महेश्वरी? काळा हाय की तुला. चांगला हाय त्यो. आवाज बघितलीस का किती मोठा हाय?"

"आवाज?" महेश्वरी म्हणाली. "सिद्धूला?"

मल्लिनाथ खुर्चीवरून अर्धवट उठले.

"तुमचा मुलगा बाप्या झाला, अजून तुमच्या लक्षात नाही माझी बहीण बहिरी आहे ते? तिला आवाज काय करायचाय? तिचे हात दिसायला लागतात मला. काळ्यात दिसत नाहीत. आत्ता तिचा फोन येऊन गेला. दोन दिवस जेवली नाही ती. का, ते ती सांगत होती आणि मला कळलं नाही! या तुमच्या फायद्याच्या फोनापायी कळलं नाही!"

"मम्मी, तू आधी सांगायचं की," राजू पुटपुटला.

"तू विचारायचं! सिम काढताना नाही विचारलंस? चोरासारखं काढलंस की!"

राजूनं तिच्या हातातल्या काळ्यातलं सिम काढलं आणि निळ्यात घातलं. व्हिडिओ कॉल पुन्हा सुरू करायचा कोड यायला वेळ लागला. गिऱ्हाइकंसुद्धा फोन बघायचे सोडून हिच्याकडं बघत राहिली. बघू दे, महेश्वरीला वाटलं. बघाच.

निळा चालू झाल्याबरोबर ती तो घेऊन दुकानाच्या पायरीवर, उजेडात आली. पण टेकवायचं कशाला? हातांनी बोलायचं तर दोन्ही हात मोकळे लागतात. इथं चटणीचा डबा नव्हता.

राजूनं हात पुढं केला.

"तू नको," ती म्हणाली. "हे धरतील."

मल्लिनाथांनी आजूबाजूला बघितलं. समोर कापडवाला ओळखीचा, पलीकडं चहावाला ओळखीचा. मग त्यांनी फोन घेतला आणि छातीशी धरला.

"वर. अजून वर. हं. हलवू नका."

सिद्धूनं उचलायला वेळ लावला. आली ती फुगलेल्या तोंडानं. महेश्वरीनं चमकीला बोट लावलं, मग दोन्ही हात भराभर चालवले: चुकलं, फोन वाईट होता, आता दिसतंय, सांग. सिद्धू क्षणभर बघत राहिली. मग तिनं बोट तोंडात घालून पार मागं नेलं, आणि दुसऱ्या हाताची मूठ गालावर घण घातल्यासारखी आपटली. एकदा, दोनदा. रात्रभर, हातानं सांगितलं तिनं. मग चिमटीनं जिभेवर काहीतरी टाकल्याची खूण केली, पोटावर हात फिरवला, आणि असं तोंड केलं की ते कळायला बहीणच असायला पाहिजे असं नव्हतं.

"दाढ!" महेश्वरी ओरडली. "दाढ दुखतीय तिची! दोन दिवस! आणि ते चूर्ण चारतायत तिला!"

तिनं राजूचा फोन हिसकावून भावाला लावला. "बसण्णा, दाढ आहे दाढ! रुसली म्हणे! घरी जा, तोंड उघडून बघ तिचं आणि आजच्या आज दवाखान्यात ने. नाही, उद्या नाही. आज! मी इथं फोनवर बघत उभी आहे."

बसलिंगप्पा शेतातून येईपर्यंत महेश्वरी पायरीवरून हलली नाही. मल्लिनाथांचा हात भरून आला, त्यांनी तो बदलायचा प्रयत्न केला, तर पडद्यावरची सिद्धू आणि समोरची महेश्वरी दोघींनी एकाच वेळी बोट उगारलं. अखेर निळ्याच्या पडद्यावर बसलिंगप्पा आला, बहिणीच्या तोंडात वाकून बघितलं आणि चेहरा वाकडा करून मागं सरला. मग गाडीची किल्ली शोधायला पळाला.

"शेठ," रामहरीनं दारातून मान काढली. "मग नव्या फोनचं काय करायचं?"

हात उंच धरलेला असल्यामुळं मल्लिनाथांना वळता येईना. उत्तर महेश्वरीनंच दिलं.

"पूर्ण पैसे भरून घेऊ देत की. नाहीतर काळा आहेच. मोठा आहे, डबल आहे, आवाज दणदणीत आहे. त्यांचा फायदाच आहे."

सिद्धू तिकडून विचारत होती, मघाशी ते काय झालं होतं? महेश्वरीनं सांगितलं. सांगताना अंगठा आणि बोट एकमेकांवर घासलं, चांगलं तीन-चार वेळा, आणि पुढं हात असे काही चालले की चहावाला किटली हातात धरून बघत राहिला. गाल धरूनसुद्धा सिद्धूचे डोळे पेटले. तिनंही बोटं घासली, आणि पुढं जे केलं त्यावर महेश्वरी सकाळपासून पहिल्यांदा फस्सकन हसली.

मल्लिनाथांनी स्वतःच्या मोकळ्या हाताकडं बघितलं. अंगठा बोटावर घासून बघितला.

"हे म्हंजी मी का?" ते म्हणाले. "आणि त्याच्याफुडं काय म्हणली ती?"

"नीट धरा," महेश्वरी म्हणाली. "अजून संपलेलं नाही तिचं."