तीन जावा आणि एक तिरका दात

माझी आणि मामाची पहिली भेट झाली तेव्हा मी तीन दिवसांचा होतो आणि मामा सव्वीस वर्षांचा. त्या भेटीचा फोटो आहे. फक्त त्यात मी नाही.

झालं असं. मामा इस्पितळाच्या खोलीत शिरला तो एखादं शिखर सर करायला निघाल्यासारखा. गळ्यात कॅमेरा, अंगात अकरा खिशांचं जाकीट, खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई. त्याने मला पाहिलं, "ताई, काय चेहरा आहे गं!" म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे पाठ फिरवली. कारण असल्या चेहऱ्याला शोभेल असं भिंग त्या क्षणी कॅमेऱ्यावर नव्हतं. ते बदलून तो वळेपर्यंत मी जांभई दिली, रडलो, दूध प्यालो, झोपलो, नर्स मला वजनाला घेऊन गेली, आणि माझी खात्री आहे की मला पहिला दातही त्याच वेळात फुटला. मामाने जे उरलं होतं त्याचा फोटो काढला. आमच्या अल्बमच्या पहिल्या पानावर तो आजही आहे. रिकामी खाट. चादरीचा धागा न् धागा मोजून घ्यावा. इतकी देखणी रिकामी खाट मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

मामाचा स्टुडिओ होता, चपलांच्या दुकानाच्या वर. लाकडी जिन्याला खालच्या कातड्याचा वास आणि वरच्या खोलीला तापलेल्या दिव्यांचा. तिथे मामा राजा होता. समोरच्या फिरत्या स्टुलावर गावातला प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा तरी बसला होता आणि बसल्यावर हलला नव्हता, कारण मामा "हं, आता श्वास नको" असं इतक्या गंभीरपणे म्हणायचा की काही जण खाली उतरल्यावरही श्वास घ्यायचं विसरत. त्या स्टुलावरचे फोटो इतके स्वच्छ यायचे की लोकांना आपल्या चेहऱ्यावरचे नवे तीळ तिथेच सापडत.

पंचाईत व्हायची ती स्टुडिओबाहेर, जिथे माणसं हलतात.

त्याच्याकडे तीन भिंगं होती. एक रुंद, अख्खी खोली मावणारं. एक मधलं, डोळ्याला दिसतं तसं दाखवणारं. आणि एक थोरलं, फक्त चेहऱ्यांसाठी. एकाचं काम दुसऱ्याने करायचं नाही, हा नियम. मामी त्यांना "माझ्या तीन जावा" म्हणायची. "सवती म्हणणार होते," ती सांगायची, "पण सवती म्हटलं तर हे खुशीत येतील."

जाऊ बदलायचा विधी असा. आधी वाऱ्याकडे पाठ. मग धूळ उडवायला रबरी फुग्याने तीनदा फू-फू. मग नव्या भिंगाचं झाकण काढून दातांत धरायचं, जुनं काढून चौथ्या खिशात, नवं सातव्यातून बाहेर, खट्, पुन्हा एक फू. या काळात मामाशी बोलता येत नसे. तोंडात झाकण असल्यामुळे त्याची सगळी उत्तरं "हंहं" अशी यायची. वळून पाहावं तर मेणबत्ती विझलेली, केक कापलेला, पाहुणे रिक्षात.

म्हणून आमच्या घरच्या अल्बमात सगळं नंतरचं आहे. मामेबहिणीने शर्यत जिंकली, त्याचा फोटो म्हणजे दोरी उचलून नेणारा शिपाई. माझ्या आईबाबांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बाबांनी सगळ्यांसमोर आईचा हात धरला, आयुष्यात एकदाच. फोटोत बाबा चष्मा पुसतायत. आमचं घराणं कुणी नुसत्या या फोटोंवरून ओळखू गेलं तर त्याला वाटेल, या लोकांच्या आयुष्यात सगळं नुकतंच होऊन गेलंय. हल्ली अल्बम चाळताना मलाही तसंच वाटतं.

मामा साठ वर्षांचा झाला तेव्हा मामेबहिणीने त्याला एक झूम लेन्स आणली. सगळं एकात. कडं फिरवलं की खोली, आणखी फिरवलं की चेहरा, अजून फिरवलं की समोरच्या इमारतीतल्या बाईच्या कानातलं.

"बाबा, आता बदलाबदली बंद," ती म्हणाली.

मामाने लेन्स हातात घेतली, वजन पाहिलं, उलटीसुलटी केली. "एक ना धड, भाराभर चिंध्या."

"चिंध्या असू देत," मामी म्हणाली, "वेळेवर तरी येतील."

पण मामा अन्यायी नव्हता. आठ दिवस त्याने त्या लेन्सची रीतसर परीक्षा घेतली. गच्चीच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं, तिपाई रोवली, आणि एकेका भिंगाने त्याचे फोटो काढले. मग छापील प्रती टेबलावर पसरून घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून बसला. वहीत दोन रकाने पाडले होते. एकावर लिहिलं होतं 'सोय', दुसऱ्यावर 'दर्जा'.

"मधे बरी आहे," तो मला दाखवायचा. "पण कोपरे मऊ आहेत, बघ. अक्षरं विरघळलीत. इथे कुणीतरी पोपट हरवलाय की पाकीट, कळतंय का तुला? आणि ही भिंत बघ. सरळ भिंत, पण या लेन्समधून तिला सातवा महिना लागलाय."

"आणि सोयीच्या रकान्यात काय लिहिलंस?" मी विचारलं.

"लिहिलंय ना. 'आहे.'"

मामी वहीत डोकावून म्हणाली, "अहो, एवढा विचार माझ्याशी लग्न करताना केला नव्हतात."

"तेव्हा दात पाहिला होता," मामा भिंगातून डोळा न काढता म्हणाला. "विचार कशाला करायचा?"

हे खरं होतं. मामीच्या वरच्या ओळीतला एक दात शेजारच्यावर किंचित चढून बसला होता. ती हसली की आधी तो दात हसायचा, मग बाकीचे. मामा त्या दातावर भाळला होता हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण गंमत अशी की पस्तीस वर्षांच्या संसारात त्या दाताचा एकही फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की मामीचे ओठ कुलूप घातल्यासारखे मिटायचे. ती हसायची ती अचानक, विजेसारखी, आणि लगेच तोंडावर हात. तेवढ्या वेळात मामाचं पहिलं फू सुद्धा होत नसे.

लेन्सची परीक्षा संपायच्या सुमाराला मामी दातांच्या डॉक्टरकडून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसली.

"हिरड्या गेल्यात. वरचे सगळे काढायचेत. सोमवारी."

मामाने वही मिटली.

"कवळी चांगली बसते हल्ली," मी म्हणालो. अशा वेळी माणूस काय वाट्टेल ते म्हणतो.

"बसेल रे. पण ते हसणं डॉक्टरचं असेल. माझं नाही." मग मामाकडे वळून म्हणाली, "अहो, इतकी वर्षं मागितलं नाही काही. माझा एक हसरा फोटो पाहिजे मला. दातासकट. सोमवारच्या आत."

"काढतो," मामा म्हणाला. आणि इतका घाबरलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

गुरुवारी त्याने मामीला स्टुडिओत त्या फिरत्या स्टुलावर बसवलं. थोरली जाऊ चढवलेली, दिवे लावलेले. "हस," म्हणाला. मामीने ओठ ताणले. पासपोर्टही जप्त व्हावा असा तो चेहरा होता. मग मामाने विनोद सांगायला घेतला. त्याला एकच विनोद येत असे, तो अकरा मिनिटांचा होता आणि त्यातला शेवट तो आधी सांगायचा. मामीने तो निमूटपणे ऐकून घेतला आणि "झाला?" असं विचारलं.

शुक्रवारी जरा आशा दिसली. स्वयंपाकघरात बरणी काढायला मी स्टुलावर चढलो आणि बरणीसकट खाली आलो. मामी खळखळून हसली. मामा दारातच होता, कॅमेरा हातात, पण कॅमेऱ्यावर रुंद भिंग.

"थांब! तशीच थांब!" तो ओरडला आणि त्याने पाठ फिरवली.

मी जमिनीवरून पाहत होतो. फू, फू, फू. तोंडात झाकण. खट्. तो वळला तेव्हा मामी माझ्या गुडघ्याला हळद लावत होती. तो फोटोही आहे. गुडघा अप्रतिम आलाय.

"अरे, ती झूम लाव की," मी लंगडत म्हणालो.

"तिचा चेहरा त्या लेन्सने काढू? पस्तीस वर्षांनी पहिला फोटो, तोही मऊ?"

"मऊ तर मऊ. निदान असेल तरी."

शनिवारी त्याने दिवसभर तिन्ही भिंगं मऊ फडक्याने पुसली आणि एकेक करून कपाटात ठेवली.

रविवारी आम्ही तळ्याकाठच्या बागेत जायचं ठरवलं. मामा जिना उतरला तेव्हा कॅमेऱ्यावर झूम लेन्स होती आणि जाकीट रिकामं. ते त्याच्या अंगावर असं लोंबत होतं की रस्ताभर तो दोन्ही हातांनी खिसे चाचपत चालला, गर्दीत पाकीट मारलं गेल्यासारखा. मामीने ते पाहिलं. आणि ती त्याच्या बाजूने चालू लागली.

मामी तळ्याकडे पाठ करून बाकावर बसली. ऊन तिरपं होतं. मामाने कॅमेरा डोळ्याला लावला, तिच्याकडे पाहिलं, मान हलवली. आणि मग पस्तीस वर्षांची सवय त्याच्या अंगातून उठली. त्याने वाऱ्याकडे पाठ केली. फू, फू, फू. हातातलं लेन्सचं झाकण दातांत धरलं. लेन्स कॅमेऱ्यावरून उतरवून चौथ्या खिशात ठेवली. सातव्या खिशात हात घातला. रिकामा. आठवा. रिकामा. पहिला, दुसरा, अकरावा. तोंडातल्या झाकणातून एक "हंहं?" आलं. शेवटी हात चौथ्या खिशाशी आला, तिथे एक लेन्स होती, आणि मामाने मोठ्या समाधानाने तीच लेन्स काढून, फू करून, खट्‌कन पुन्हा त्याच कॅमेऱ्यावर चढवली.

बाकावर मामीने सगळं पाहिलं होतं. ती हसली ती नेहमीची वीज नव्हे. ती मागे रेलली, डोळ्यांतून पाणी आलं, हात तोंडाकडे निघाला आणि वाटेतच पोटावर गेला. "अगं बाई," ती म्हणत होती, "तीच! अहो, तीच लावलीत!" आणि पुन्हा हसू.

मामा वळला. तोंडात झाकण तसंच. कडं एका झटक्यात शेवटपर्यंत फिरवलं आणि बटण दाबलं. एकदाच.

बुधवारी फोटो मोठा करून आला. मामीच्या तोंडात कापूस होता, तिला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने तो बराच वेळ नुसता पाहिला. मामा भिंग लावून वाकला. चेहरा पाहिला, दात पाहिला. मग डावीकडे सरकला. मग उजवीकडे.

"कोपरे मऊ आहेत," तो म्हणाला.

मामीने पाटी-पेन्सिल ओढली आणि लिहिलं, "माझा दात कोपऱ्यात आहे का?"

मामाने तो फोटो चौकटीत घालून आतल्या खोलीत लावला. स्टुडिओच्या दर्शनी काचेत नाही लावला, गिऱ्हाइकं कोपरे बघतील म्हणून. रोज सकाळी दाढी करून झाली की तो त्याच्यासमोर जरा उभा राहायचा. आणि झूम लेन्स खोक्यात घालून मुलीला परत केली. पुढच्या वर्षी नातवाने पहिलं पाऊल टाकलं, त्याचा फोटो मामाने काढलाय. नातू बसलेला आहे.

मामा जाऊन सहा वर्षं झाली, मामी जाऊन चार. घर आवरताना तो फोटो माझ्या वाट्याला आला आणि घड्याळजीचं भिंगही. परवा मी दोन्ही टेबलावर घेऊन बसलो.

मामाचं बरोबर होतं. कोपरे मऊ आहेत. उजवीकडचा जास्त.