तळोज्याचं रंगीत पाणी

नवऱ्याचं दिवसकार्य उरकलं आणि सासूबाई म्हणाल्या, "तू जा कामाला. दोघी घरात बसलो तर येड्या होऊ." त्या साताऱ्याकडच्या. मुलगा अपघातात गेल्यावर नातेवाईक गावी न्यायला आले होते, तरी त्या नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबरच राहिल्या. मी कामावर गेले.

तळोज्याला कापड आणि धागा रंगवणाऱ्या कारखान्यात मी केमिस्ट होते. तिथलं सांडपाणी चुना, तुरटी घालूनही लालभडक राहायचं. साहेबांनी कच्छहून बेंटोनाइट मागवलं होतं, पिठासारखी बारीक माती. "रंग काढून दाखवा, मॅडम," म्हणाले आणि खाली बघायला लागले. तेव्हा कुणीच माझ्याकडे धड बघत नसे. मला ते बरंच होतं.

बीकरमध्ये पाणी घ्यायचं, माती टाकायची, ढवळायचं, गाळ बसेपर्यंत थांबायचं. थांबण्याचं मला काहीच वाटत नव्हतं. ॲक्रिलिक धाग्याचा रंग मातीला लगेच चिकटायचा, वरचं पाणी नितळ व्हायचं. सुती कापडाच्या पाण्यात मात्र माती नुसती फुगायची आणि रंग तसाच राहायचा. जमलेलं आणि फसलेलं, दोन्ही मी सारख्याच हाताने ओतून द्यायचे. लाल-निळी बोटं घेऊन बसमध्ये बसायचे. शेजारची बाई पदर सावरून घ्यायची.

असे कितीतरी आठवडे गेले. मग माती ॲसिडमध्ये उकळून, धुऊन, वाळवून पाहिली. सुती कापडाचा रंगही बराचसा त्या मातीने ओढला. साहेबांनी बीकर खिडकीशी नेला. "जमलं की हो!" लॅबमध्ये टाळ्या वाजल्या. मी "हो सर" म्हणाले आणि भांडी घासायला घेतली. आनंद व्हायला हवा, एवढं कळत होतं.

घरी जेवताना सासूबाईंना सांगितलं.

"मग त्यो रंग जातो कुटं?"

"मातीतच राहतो."

"आन ती माती?"

"गोणीत भरून शेडमध्ये ठेवणार. पुढचं अजून ठरलेलं नाही."

त्यांनी भात वाढला. मग म्हणाल्या, "त्यानं काय इचारलं असतं, ठाव हाय?"

तो गेल्यापासून त्याच्याबद्दल असं बोलणं घरात झालंच नव्हतं.

"काय?"

"आता तरी सुट्टी देत्यात का, म्हनाला असता."

खरंच म्हणाला असता. मला हसू आलं, त्यांनाही आलं. मग त्या पदरात तोंड घालून रडल्या. मला रडू आलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि दुसऱ्या हाताने जेवत राहिले. आमटी खारट झाली होती.

"आई, मीठ जास्त झालंय," मी म्हणाले.

"व्हय," त्या पदराआडूनच म्हणाल्या. "दोनदा पडलं."